सरकी आणि तूर

रुखमाबाईंची वाचा सकाळच्या चहानंतर बंद झाली. त्यांना काही झालं नव्हतं. घटनेत तसं लिहिलं होतं.

घटना म्हणजे घाटंजीच्या घरात, पुढच्या खोलीत, बाबासाहेबांच्या फोटोखाली टांगलेला निळ्या अक्षरांचा पत्रा. दीक्षा घेऊन आल्यावर रुखमाबाईंचे सासरे उकंडाआबा काही वर्षं विचार करत राहिले आणि मग म्हणाले, "देशाले घटना हाये, तं घराले काहून नसावी?" पाट्या रंगवणाऱ्याला समोर बसवून त्यांनी एकेक कलम सांगितलं. कारभारी एका वेळी तीन वर्षांचा. फार तर लागोपाठ दोनदा, मग वयाने पुढच्याची पाळी. पाळी आलेल्याने नाही म्हणू नये. कापूस वेचणीच्या दिवसांत कारभाऱ्याने रात्र घराबाहेर काढू नये. मुदतीचं कलम बदलायचं असेल तर सगळ्या घराचं सार्वमत घ्यावं आणि तीनातले दोन भाग 'होय' म्हणतील तरच बदलावं. ज्याच्या मुदतीबद्दल मत आहे त्याने, आणि त्याच्या पोटच्या लेकरांनी, त्या दिवशी सभेत तोंड उघडू नये.

देशाच्या घटनेत सार्वमताची तरतूद नाही, हे आबांच्या नातवाला, संघदीपला, कॉलेजात गेल्यावर कळलं. म्हणजे या एका बाबतीत आजोबा देशाच्या पुढे होते. हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

रुखमाबाईंच्या दोन मुदती आज, संविधान दिनाला, संपत होत्या. उद्या चाव्या त्यांच्या दिराकडे, श्रावणकडे जायच्या. आणि म्हणूनच श्रावणने मुदतीची अट काढून टाकायचा प्रस्ताव आणला होता.

"टीव्हीवर पाहा जरा," श्रावण सांगत होता. घाटंजीच्या घरची पाच आणि बाभुळगावच्या भावकीची दहा अशी पंधरा मतदार माणसं सतरंजीवर बसली होती. "दिल्लीत काय चालू हाये? सगळ्या निवडणुका एकदम घ्या, मुदती पुढंमागं करा. थेट संविधानात बदल! एवढ्या मोठ्या देशाले मुदतीचा विचार करावा वाटते, अन् आपून एका पत्र्याले धरून बसलो. वयनीसारखी कारभारीन जिल्ह्यात सापडनार नाई. मंग तिले बसवायचं काहून? जोवर हातपाय चालते, तोवर वयनीच!"

बाभुळगावकरांनी टाळ्या वाजवल्या.

"दिल्लीतले लोक आंघोळ करून बोलत असतीन," मागून साधना म्हणाली. ती श्रावणची बायको. "तुमी बनियनवर घटना बदलून राह्यले."

सगळे हसले. रुखमाबाई हसल्या नाहीत. हसणं म्हणजे तोंड उघडणं होतं की नाही, याबद्दल पत्रा काही सांगत नव्हता, आणि त्यांना धोका पत्करायचा नव्हता.

त्या बघत होत्या पत्र्याच्या खालच्या कडेवर लावलेल्या कॅलेंडरकडे. कॅलेंडर जुनं होतं, तारखांचे कागद केव्हाच फाटून गेले होते. उरलं होतं फक्त चित्र: अजिंठ्याच्या लेण्यातली बुद्धांच्या महापरिनिर्वाणाची लांबलचक मूर्ती. उशाला हात, मिटलेले डोळे. सहा वर्षं पहाटे झाडू मारताना रुखमाबाई तिच्यासमोर थांबत. एकदा प्रत्यक्ष जावं, पायाशी घटकाभर बसावं, आणि कोणी 'वयनी, कोठीची चावी?' म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं. महिला मंडळाची बस येत्या आठवड्यात अजिंठ्याला निघत होती. शेजारच्या मलिकाने स्वतःची सीट केव्हाच सांगून ठेवली होती. रुखमाबाईंची आज संध्याकाळपर्यंत कळवायची होती. बस दोन रात्री बाहेर राहणार होती. शेतात कापूस फुटलेला होता.

प्रस्ताव मंजूर झाला तर त्या उद्याही कारभारीण. आणि पाळी आलेल्याने नाही म्हणू नये.

"पाहा," श्रावण त्यांच्याकडे हात करून म्हणाला, "वयनी कशी गप बसली. थोर मानसं अशीच असतात. कौतुक केलं की खाली पाहतात."

रुखमाबाईंनी तत्काळ वर पाहिलं. बाभुळगावच्या काकू शेजारणीच्या कानात म्हणाल्या, "डोळे भरून आले माय तिचे."

* * *

स्वयंपाकघर म्हणजे सभा नव्हे, ही दीपाची घटनात्मक भूमिका होती. ती रुखमाबाईंची एकुलती एक लेक, कळंबला दिलेली. लग्न झालेल्या मुलींनाही मत हवं, ही दुरुस्ती आबा असतानाच झाली होती. पण पोटच्या लेकरांनी सभेत बोलू नये, म्हणून ती सकाळपासून वांग्यांवर राग काढत होती.

"काकू," ती साधनाला म्हणाली, "आईले अजिंठ्याले जायचं हाये. तुमाले ठाऊक हाये ना?"

"ठाऊक हाये. मलिकानं सांगितलं." साधना फोडणीत कांदा टाकत म्हणाली. "पन पोरी, माह्याकडून काय पाहतं? तुहा काका कारभारी झाला तं कोन मरन? पहाटे उठून मजुरांच्या घरी कोन जाईन? तो? त्याले आठ वाजेपर्यंत कोंबडाही ऐकू येत नाई. सगळं माह्या गळ्यात. म्हनून मी 'होय'वाली. वाईट नको वाटून घेऊ."

"नाई वाटत." दीपाने वांग्याचं देठ कापलं. चार फोडी केल्या. "फक्त एक इचारू? काका कारभारी झाले तं चाव्या कोनाजवळ राहतीन?"

"त्याच्याजवळ. कारभाऱ्याजवळच राहते."

"काकांच्या पायजम्याच्या नाड्याले तो जुडगा पेलवन?"

साधनाचा उलथनं धरलेला हात थांबला.

"कपाटाची, कोठीची, पेटीची, सगळी चावी," दीपा वांग्यांकडेच पाहत म्हणाली. "सहा सालापासून तुमी या घरात साखर लागली तं आईले मागता. आईनं कधी नाई म्हटलं नाई, ते सोडा. पन मागतात तं खरं."

"कांदा जळून राह्यला," साधना म्हणाली. कांदा जळत नव्हता.

"आन मजुरांकडे जायचं म्हनाल तं, काका आजही जात नाई आन उद्याही जानार नाई. तुमीच जाता. फरक काय? काम तुमाले आताच हाये. फक्त चाव्या नाई."

साधनाने पदराने कपाळ पुसलं. मग तिने नकळत हात कमरेवर नेला, उजव्या बाजूला, जिथे जुडगा लटकतो तिथे, आणि तसाच ठेवला.

"मीठ दे," ती म्हणाली. "आन आता जास्त बोलू नको. तुह्या आईचं मत बाद व्हईन."

* * *

मतदानाची व्यवस्था संघदीपकडे होती. तो वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. होऊन नुकताच घरी आला होता आणि नोकरी लागेपर्यंत घरातलं जे जे मोजण्यासारखं असेल ते त्याच्याकडे येत असे.

पद्धत आबांचीच होती. त्या काळी घरात निम्म्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून कागद नाही, दाणे. प्रत्येकाला एक सरकी आणि एक तुरीचा दाणा. सरकी म्हणजे होय, तूर म्हणजे नाही. कोठीच्या खोलीत एकट्याने जायचं, हवा तो दाणा तांब्याच्या गडव्यात टाकायचा आणि उरलेला बाजूच्या बरणीत. बरणीत टाकलेल्या दाण्यांकडे कोणी पाहत नसे. मुठीत दाणा घेऊन बाहेर यायचं आणि मग बाहेर कोणी मूठ उघडून बघायचं, असं होऊ नये म्हणून ती ठेवलेली.

संघदीपने त्यात एकच सुधारणा केली. सरकीवर कापसाची लव असते, ती पडली तर आवाज येत नाही. तूर टणक, ती भांड्यात टण् वाजते. म्हणजे दाराबाहेर बसलेल्याला कान असतील तर मत गुप्त राहत नव्हतं. त्याने गडव्याच्या आणि बरणीच्या तळाशी कापूस घातला.

"इतकी वर्षं कोनाच्या लक्षात नाई आलं," दाराबाहेर खुर्ची टाकून बसलेला रहमत म्हणाला. मोजणारा घराबाहेरचा असावा, असं कलम होतं. आधी रहमतचे वडील मोजत, आता तो. मोटारी रिवाइंड करण्याचं त्याचं दुकान भिंतीपलीकडेच होतं. "माह्या अब्बाले समजत असन. म्हनून ते मोजायच्या आधीच हसत."

"रहमतचाचा, बाबा दुपारी रोज तुमच्या दुकानात बसतात ना?"

"कॅरम खेळते."

"कारभारी झाल्यावर येता येईल त्यांना?"

रहमतने त्याच्याकडे पाहिलं. "मी मोजनारा हाये बावा. मले काही समजत नाई."

संघदीपला स्वतःच्या मतासाठी कोणी पटवायची गरज नव्हती. ज्या प्रयोगाला शेवट ठरलेला नाही, त्याचा निष्कर्षही निघत नाही, असं त्याला वाटे. वडिलांचा प्रस्ताव वडिलांचा म्हणून बरोबर ठरत नव्हता. मोठी आई उत्तम कारभारीण होती, पण प्रश्न तो नव्हताच. तो आत गेला, दाणे टाकले आणि बाहेर आला.

शेवटी रुखमाबाई गेल्या. त्यांनी तूर गडव्यात टाकली, आणि कापसावर पडलेले दाणे डोळ्यांना दिसायच्या आत मान फिरवली. पण एक दिसलंच: वर सरकीच सरकी होती.

* * *

मोजणी जेवणानंतर. उपाशी माणसाला हरणं सोसत नाही, असं आबा म्हणत.

पंगत बसली. रुखमाबाईंनी सगळ्यांना वाढलं, कारण वाढायला बोलावं लागत नाही. बाभुळगावकर जेवता जेवता त्यांच्या पुढच्या वीस वर्षांची आखणी करत होते.

"पुढच्या साली विहिरीवर नवी मोटर बसवून घ्या वयनी."

"आमच्या पोरीचं लग्न वयनीच जमवन. दुसऱ्या कोनाले जमनार नाई."

रुखमाबाईंनी त्यांच्या पानात भाकरी वाढली, हवी तेवढ्यापेक्षा एक जास्त. मग हात धुवायला म्हणून त्या मागच्या अंगणात आल्या.

कोठीच्या खोलीला मागूनही दार होतं. त्या दाराशी शबनम उभी होती. शबनम म्हणजे रहमतच्या बायकोची, मलिकाची बकरी, काळी, एका कानावर पांढरा ठिपका. दाराच्या फटीला नाक लावून ती सरकीचा वास घेत होती. या गावात सरकी ढोरांचं खाणं आहे हे लहान पोरालाही कळतं, आणि शबनम लहान नव्हती.

रुखमाबाईंनी तिला हाकलायला हात उचलला. हात तसाच राहिला.

मतंच नसतील तर मोजणार काय? प्रस्ताव कसा मंजूर होईल? तो मंजूर नाही झाला तर जुनं कलम कायम, आणि जुन्या कलमाप्रमाणे उद्या चाव्या श्रावणकडे. हा विचार त्यांच्या मनात इतका स्वच्छ आला की त्यांना स्वतःचीच भीती वाटली. आबांचा पत्रा दर आठवड्याला त्यांनीच ओल्या फडक्याने पुसला होता.

रहमत पंगतीत असल्याने पुढच्या दारावर कोणी नव्हतं. त्या तिथून कोठीत शिरल्या. मागच्या दाराची कडी काढली. दार उघडलं नाही. फक्त कडी काढली. दार शबनमने उघडलं. हा फरक रुखमाबाईंना पुढचा बराच वेळ पुरला.

वळताना उघड्या दारातून त्यांची नजर कुंपणाच्या भिंतीकडे गेली. पलीकडे मलिका दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिच्या हातात ओली चादर होती आणि तोंड उघडं होतं.

* * *

"खाल्ली!" रहमत कोठीच्या दारातून ओरडला. "या खुदा, सगळी खाल्ली!"

गडवा आडवा पडला होता. तळाचा कापूससुद्धा अर्धा गेला होता. शबनम शांतपणे रवंथ करत होती. तिचं म्हणणं काय आहे ते ऐकायला पंधरा मतदार दारात गोळा झाले.

"हे कटकारस्थान हाये," श्रावण म्हणाला. "मोजनाऱ्याचीच बकरी!"

"श्रावणभाऊ, बकरी मलिकाची हाये. मी फक्त पाला आनतो."

"तुले कोनाचा तरी इशारा व्हता."

"मले? मी पंगतीत बसून तुमच्या घरची भाकरी खाऊन राह्यलो व्हतो. एक जास्तच वाढली भाभीनं." रहमत आता खरोखर दुखावला होता. "बकरी कोनत्या पार्टीची नसते भाऊ. भूक लागली तं खाते. तुमच्या दिल्लीतही जाऊन पाहा."

"मंग पुन्हा मत घ्या," बाभुळगावच्या काकू म्हणाल्या.

"एका सालात एकदाच घेता येते," संघदीप म्हणाला. "कलम आहे."

रुखमाबाईंनी श्वास सोडला. झालं. मलिका मागे येऊन उभी राहिली होती. तिच्याकडे पाहायचं त्यांनी टाळलं.

"थांबा, थांबा," श्रावण म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत होता. "मत बाद झालं तं काय करावं, हे आबानं लिहिलं व्हतं. मले पक्कं आठवते. लहानपनी मी अन् आपला गेलेला दादा तो पत्रा पाठ करत व्हतो."

सगळे पुढच्या खोलीत गेले. श्रावणने पत्र्यावरून बोट खाली नेलं. बोट शेवटाला, अजिंठ्याच्या कॅलेंडरपाशी आलं. त्याने कॅलेंडरचा खालचा कोपरा धरून वर उचलला. मागे पत्र्यावरची निळी अक्षरं बाकीच्यांपेक्षा ताजी होती, कारण सहा वर्षं उन्हाने ती पाहिलीच नव्हती.

"'मत वाया गेल्यास,'" त्याने मोठ्याने वाचलं, "'पुढील मत होईपर्यंत आहे तोच कारभारी राहील.'"

कॅलेंडर सोडून तो वळला. "म्हंजे आनखी एक साल वयनी! बकरीनं काही बिघडवलं नाई!"

टाळ्या झाल्या. कोणीतरी शबनमला पोळी द्या म्हणालं.

रुखमाबाई भिंतीला टेकल्या. ते कॅलेंडर त्यांनीच तिथे लावलं होतं, सहा वर्षांपूर्वी, स्वतःच्या हाताने खिळा ठोकून. झोपलेल्या तथागतांच्या पायांखाली ती ओळ इतके दिवस होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं. दीपा ओठ दाताखाली घेऊन उभी होती. तिलाही बोलता येत नव्हतं.

बोलली मलिका, दारातून. ती कोणाच्याही पोटची नव्हती. "अन् बसवाल्याले काय सांगू? आज शेवट हाये."

"बस?" श्रावणने विचारलं.

"कायची बस, नंतर सांगते तुमाले," साधना म्हणाली. ती संघदीपकडे पाहत होती. "संघा, तू काय पाहून राह्यला?"

संघदीप कोठीतून बरणी घेऊन आला होता. बरणीचं तोंड अरुंद होतं. शबनमचं नाक त्यात गेलं नव्हतं.

"मत वाया गेलेलं नाही," तो म्हणाला.

"हे टाकून देलेले दाणे हायेत ना?" श्रावणने विचारलं.

"तेच. प्रत्येकाला दोन दाणे दिले होते. एक गडव्यात गेला, उरलेला यात. ज्याने गडव्यात सरकी टाकली, त्याची तूर यात असणार. ज्याने तूर टाकली, त्याची सरकी. मतदानाचं उलटं चित्र आहे हे. इथली प्रत्येक तूर म्हणजे एक 'होय'."

बाभुळगावकरांनी बरणीत डोकावून पाहिलं. मग बाभुळगावच्या काकू म्हणाल्या, "म्हंजे शिकवलं ते वाया नाई गेलं."

"हे चालत नाई," श्रावण घाईने म्हणाला. "टाकाऊ दाणे मोजायचे, असं कुठं लिहिलं हाये?"

"मोजू नये असंही नाही लिहिलं, बाबा."

रहमतने बरणी घेतली, सतरंजीवर चादर अंथरून ती पालथी केली, आणि वडिलांसारखं दोन बोटांनी दाणे वेगळे सरकवायला लागला. रुखमाबाईंनी डोळे मिटले. गडव्यात वर दिसलेली सरकी त्यांना आठवत होती. आता एका सालाचा नव्हे, मरेपर्यंतचा निकाल लागत होता.

"पंधरा दाणे पूर्ण," रहमत म्हणाला. "सरकी सहा. तूर नऊ. म्हंजे 'होय' नऊ."

"नऊ म्हंजे जिंकलो!" श्रावण म्हणाला.

"दहा लागतात, बाबा," संघदीप म्हणाला. "तीनातले दोन भाग. प्रस्ताव पडला."

श्रावणने एकेक चेहरा पाहिला. मुलगा. दीपा. बाभुळगावकर, ज्यांच्यातले दोघं अचानक छताकडे पाहू लागले. शेवटी बायको.

"साधने?"

"मत गुप्त असते," साधना म्हणाली.

रुखमाबाईंची बंदी उठली होती. सहा वर्षांत त्यांनी मजुरांना, व्यापाऱ्यांना, सोयऱ्यांना हजार गोष्टी सांगितल्या होत्या. आता पहिलं वाक्य काय बोलावं ते कळेना.

"मलिका," त्या म्हणाल्या, "खिडकीजवळची सीट मिळन का?"

"तुमचीच ठेवली भाभी. मी मधात बसते."

रुखमाबाईंनी कमरेचा जुडगा सोडला आणि श्रावणच्या हातात दिला. त्याने तो नाड्यात खोचला. पायजमा एका बाजूने खाली सरकला. त्याने एका हाताने तो धरला, आणि पडलेल्या माणसाचा राग कुठेतरी निघावा म्हणून दुसऱ्या हाताने टेबलावर थाप मारली.

"ठीक हाये! मी कारभारी ना? तं माही पैली चौकशी. कोठीच्या मागच्या दाराची कडी कोनं काढली? ती आतून लागलेली व्हती. बकरीले हात नाई."

मलिका एकदम चादरीच्या घड्या घालू लागली. चादर रहमतच्या दाण्यांसकट उचलली गेली.

दीपाने आईकडे पाहिलं आणि तिला कळलं. रुखमाबाई एक पाऊल पुढे आल्या. पत्र्याकडे पाहिलं. आबा पत्र्यात नव्हते, पण त्या नेहमी तिथेच पाहत.

"म्या काढली," त्या म्हणाल्या.

कोणाचाच विश्वास बसला नाही. मग सगळ्यांचा एकदम बसला.

"वयनी, तू?"

"मी. मले वाटलं तुमी सारे मले बसवून ठेवता. नाई म्हनता येत नाई, बोलता येत नाई. मंग काय करू? चूक केली. आबाचा पत्रा पुसून पुसून मीच त्याच्यावर डाग पाडला. जे शिक्षा असन ते दे."

"देतो!" श्रावण म्हणाला. त्याच्याकडे आज पहिल्यांदाच कोणीतरी काहीतरी मागितलं होतं. "सोडनार नाई! मतात ढवळाढवळ म्हंजे खेळ नाई! त्याचंही कलम हाये, सगळ्यात शेवटी." त्याने पायजमा धरूनच कॅलेंडर पुन्हा उचललं, या वेळी नुसता कोपरा नाही, सगळंच, आणि पत्र्याची शेवटची ओळ ठणकावून वाचायला सुरुवात केली. "'मतात ढवळाढवळ करणाऱ्यास जन्मभर पुन्हा...'"

तो थांबला.

"वाचा ना," साधना म्हणाली.

"'...जन्मभर पुन्हा कारभारी करू नये.'"

आधी दीपा हसली. मग बाभुळगावच्या काकू, मग रहमत, आणि मग रुखमाबाई, ज्यांना त्या घरात इतक्या मोठ्याने हसताना बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच ऐकलं. अंगणात शबनम ओरडली.

श्रावण पत्र्यासमोर उभा होता. जुडग्याने पायजमा आणखी खाली आला. साधनाने पुढे होऊन जुडगा अलगद सोडवला, स्वतःच्या कमरेला, उजव्या बाजूला खोचला, आणि कोठीकडे निघून गेली. आत पेटी उघडल्याचा आवाज आला. साखरेची पेटी.

"आबा," श्रावण हळू आवाजात पत्र्याला म्हणाला, "हे शिक्षा तुमी कोनाले देली?"

रुखमाबाईंनी खिळ्यावरून कॅलेंडर काढून घेतलं आणि घडी पडणार नाही असं गुंडाळलं. आता पत्रा पूर्ण वाचता येत होता.